खडकांच्या नकाशासाठी वर्ल्डव्ह्यू-३ च्या प्रतिमा

ऑगस्ट २०१४ मध्ये अवकाशात गेलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ या व्यापारी उपग्रहाचे नाव झाले ते ३१ सेंटिमीटर तपशिलाच्या कृष्णधवल प्रतिमेमुळे. परंतु खडकांचा नकाशा करणाऱ्याने पैसे मोजावेत ते त्याच्या लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल प्रकाशापलीकडील) प्रकाशातील आठ बँडांसाठी, म्हणजे तरंगलांबीच्या आठ स्वतंत्र पट्ट्यांसाठी, असे माझे ठाम मत आहे. चिकणमातीच्या खनिजांतील ॲल्युमिनियम-हायड्रॉक्सिल बंध २.२ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, कॅल्साइट २.३४ च्या जवळ, तर डोलोमाइट त्याच्या किंचित अलीकडे. या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात उमटतच नाहीत.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात क्यूप्राइट नावाचा उघडाबोडका डोंगराळ भाग आहे. तेथील खडक उष्ण द्रवांमुळे बदलून अलुनाइट, केओलिनाइट आणि सिलिका यांनी भरले आहेत, म्हणून अशा साधनांची पारख तेथे वर्षानुवर्षे होत आली आहे. १९९९ मध्ये टेरा उपग्रहावरून सोडलेल्या ॲस्टर या प्रतिमा घेणाऱ्या उपकरणाचा याच प्रकाशातील पिक्सेल ३० मीटरचा होता आणि त्याचे हे बँड २००८ मध्ये निकामी झाले. वर्ल्डव्ह्यू-३ चा पिक्सेल ३.७ मीटरचा असल्यामुळे ॲस्टरच्या एका पिक्सेलमध्ये मिसळून जाणारे अरुंद पट्टे येथे वेगळे काढता येतात, आणि नकाशा हातात घेऊन थेट त्या उघड्या खडकापाशी जाता येते.

मात्र पिक्सेल लहान झाला, तरी बँड ॲस्टरइतकेच रुंद राहिले आहेत. त्यामुळे जवळच्या दोन अभ्रकी खनिजांत फरक करण्याची अपेक्षा धरू नये. औष्णिक बँड, म्हणजे जमिनीतून निघणारी उष्णता टिपणारे बँड, तर मुळीच नाहीत, ही मला सर्वांत खटकणारी उणीव आहे, कारण क्वार्ट्झची खूण ८ ते १० मायक्रोमीटरच्या टापूत असते.

दख्खनच्या बेसॉल्टसाठी मी ही खरेदी सरसकट सुचवणार नाही. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांत खनिजे जवळपास तीच असल्याने ते रंगछटेपेक्षा डोंगरउतारावरील पायऱ्यांवरून अधिक नीट ओळखू येतात. धुळे-नंदुरबारकडील डाइकच्या (भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींच्या) रांगा टिपायला कृष्णधवल प्रतिमा पुरते. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर लोहाच्या ऑक्साइडची खूण ०.९ मायक्रोमीटरच्या आसपास मिळते, पण त्यासाठी प्रतिमा पावसाळ्यातील गवत वाळून गेल्यानंतरची, म्हणजे मार्च-एप्रिलमधील मागवावी.