म्युसेन की झॉलेन: आधी कोणतं पक्कं करावं?

जर्मन शिकताना बी 1 या मधल्या पातळीच्या उंबरठ्यावर हा पेच हमखास पडतो. मनात ‘करायला पाहिजे’ आलं की दोन क्रियापदांपैकी तोंडातून म्युसेन काढायचं की झॉलेन? (पुण्यात झॉलेन शिकलो, इथे श्टुटगार्टला कानावर सॉलेन पडतं, तिथे अडू नका.) रूपं (मुस, झॉल वगैरे) तुम्हाला येतातच, ती सोडतो.

पहिली दोन वर्षं मी म्युसेनवर काढली. आपल्या ‘लागतं’च्या जागी ते चपखल बसतं: इथे घर बदललं की 2 आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, तिथे म्युसेनच. नियम, गरज, नाइलाज यांत त्याला तोड नाही.

घोटाळा होतो तो नकारात. मुलीला बालवाडीत घातलं तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं, ‘झी मुस काइने न्युसे एसेन.’ मला म्हणायचं होतं, हिने काजू-बदाम, हेझलनट असलं काही खायचं नाही. बाई प्रेमाने म्हणाल्या, छे, आमच्याकडे कुणावरच जबरदस्ती नसते. मी आभार मानून निघालो. दुपारी न्यायला गेलो तर तिच्या ताटलीत हेझलनटचा केक, नशिबाने उष्टावलेला नव्हता. नकार जोडला की म्युसेनमधली सक्ती तेवढी उठते, मनाई होत नाही. मी सांगून आलो होतो, ‘हिने नाही खाल्लं तरी चालेल.’ तिला अ‍ॅलर्जी आहे.

दुसऱ्या दिवशी वाक्य घोकून गेलो: ‘डेअर आर्ट्स्ट हाट गेझाक्ट, झी झॉल काइने न्युसे एसेन.’ डॉक्टरांनी सांगितलंय, हिने हे खायचं नाही. बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं. अशा मनाईला ‘डार्फ काइने’ (परवानगीच नाही) जास्त ठाम, हे खरं; तेही पाठ असू द्या. पण झॉलेनचा नकार निदान आपल्या ‘नये’सारखा सरळ चालतो.

झॉलेन अवघड वाटतं, कारण आपण ते इंग्रजी ‘शुड’मधून शिकतो आणि मिळमिळीत सल्ला समजतो. सल्ल्याला त्याचंच ‘झॉल्टे’ हे रूप आहे. नुसत्या झॉलेनमागे दुसऱ्या कुणाची तरी इच्छा उभी असते: डॉक्टरांची, साहेबांची, आईची. जर्मन बायबलातल्या आज्ञासुद्धा ‘डु झॉल्स्ट’ने (‘तू करावंस’) येतात, म्हणजे ते मऊ नाही. मराठीतून पाहिलं तर मात्र ते ओळखीचं निघतं. ‘झॉल इश डास फेन्स्टर त्सूमाखेन?’ म्हणजे आपलं ‘खिडकी लावू का?’ आणि ‘एर झॉल क्रांक झाइन’ म्हणजे ‘तो आजारी आहे म्हणे’. ऐकीव गोष्टीचं हे ‘म्हणे’ जर्मन वर्तमानपत्रांत रोज भेटतं, आणि ते ओळखू आलं नाही तर आरोप हीच वस्तुस्थिती वाटते. त्याच वाक्यात ‘मुस’ घाला, की ‘आजारीच असणार’ असा स्वतःचा अंदाज होतो.

लागतात दोन्ही, आणि प्रत्येकाचा अनुभव वेगळा असू शकेल. पण हातात महिनाच असेल तर मी तो झॉलेनला देईन. म्युसेन इथल्या सरकारी पत्रांतून आपोआप अंगवळणी पडतं.