दोन मिनिटांत अळी मेली, तिथेच मी फसलो

ठाण्यातल्या एका कृषी प्रदर्शनात ७,७५० रुपये घालवून आलो. अळीच्या औषधाचे पाच लिटरचे चार कॅन, प्रत्येकी १,८५०, वर टेम्पोचे ३५०. राहतो कळव्यात, दीड एकर भेंडी मुरबाडला. शेंडे-फळं पोखरणारी अळी पडली होती. भेंडीचा तोडा एक दिवसाआड, त्यात रासायनिक मारून लोकांना काय खायला घालू? म्हणून ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ वाचून थांबलो. यात माझं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. स्टॉलवरच्या पोराने ताटलीत अळी ठेवली, दोन थेंब टाकले. वळवळली आणि दोन मिनिटांत आडवी. सगळे वाहवा करायला लागले, मीही! अरे, बारा वर्षं मी घरी निंबोळी अर्क काढतो. पाच किलो वाळल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, फडक्याने गाळून शंभर लिटर करायचं. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन अळीचं खाणं तोडतं, कात टाकू देत नाही. मरायला तिला काही दिवस जातात. हे मला पाठ. दोन मिनिटांत मेली ती दुसऱ्याच कशाने. समोर दिसत होतं आणि मी फोन काढून पैसे पाठवत होतो. यंदा गुडघ्यापायी निंबोळ्या वेचल्या नव्हत्या, म्हणून मोह झाला.

शेतावर बादलीत ओतलं. निंबतेलाचं औषध पाण्यात दुधाळ होतं, हे कोऱ्या चहासारखं. वास फिनेलचा. घेण्याआधी ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघा, विकणारा नको म्हणाला तर उठा. अळ्या ठणठणीत राहिल्या, निम्मा तोडा किडका निघाला.

कृषी कार्यालयात साहेबांनी कॅन फिरवला. “काका, यावर कीटकनाशक लिहिलंय कुठे? वनस्पती टॉनिक आहे. आमच्याकडे येत नाही.” खरंच, बारीक अक्षरात तसंच! १९६८ चा कीटकनाशक कायदा लबाडाला पाठ. नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही. हे दुकानातच बघायचं असतं. नमुना तरी घ्या म्हटलं, तर “सील फोडलंय.” बाकीचे तीन सीलबंद आहेत म्हटलं, तर “पोलिसांकडे जा.” पोलीस म्हणाले, “पक्कं बिल?” माझ्याकडे कच्ची चिठ्ठी. “मग कृषीवाल्यांकडे जा.” तीन खेपा, प्रत्येक वेळी अर्धा दिवस, आणि चहासुद्धा माझ्याच पैशाचा.

तीन कॅन पडवीत आहेत. बायको म्हणाली, निदान डास तरी जातील. तेही जात नाहीत.