बाह्मनी, ओपनईएमआर की जीएनयू हेल्थ? तालुक्याच्या रुग्णालयातून

आमच्या रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी ठेवणारी बाह्मनी ही संगणकप्रणाली सुरू होऊन आता बरेच महिने झाले. त्याआधी ओपनईएमआर आणि जीएनयू हेल्थ या तशाच प्रणालीही लावून पाहिल्या होत्या.

बाह्मनी मुळात छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने बनवायला घेतली, आणि ते वापरताना जाणवतं. औषधाचा डोस सरळ १-०-१ असा टाकता येतो. आमचे डॉक्टर कीबोर्डला हात लावायला तयार झाले ते यामुळेच. मधुमेहाचा जुना पेशंट समोर बसला की मागच्या भेटींतली शुगर, बीपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एका तक्त्यात शेजारी शेजारी दिसतात. क्रिएटिनिन दर खेपेला थोडंथोडं चढतंय हे केसपेपरच्या गठ्ठ्यात सहज निसटतं. इथे ते डोळ्यांत भरतं. मला तर एवढ्यासाठीच ही सगळी खटपट सार्थ वाटते.

आतून मात्र हे एक सॉफ्टवेअर नाही. रुग्णाच्या नोंदींना ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस, बिलं आणि औषधसाठ्याला ओडू, असं तीन ठिकाणचं काम जोडलेलं आहे. त्यामुळे सर्व्हर दणकट लागतो आणि तो सांभाळणारा जाणकार माणूसही. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण या माणसाचा पगार बजेटमध्ये धराच.

सर्वांत किचकट काम कॉन्सेप्ट डिक्शनरीचं, म्हणजे प्रणालीतल्या वैद्यकीय संज्ञांच्या यादीचं. प्रत्येक लक्षण, तपासणी, निदान आधी त्यात बसवावं लागतं. एकाच तपासणीच्या त्यात दोन नोंदी झाल्या की शुगर-क्रिएटिनिनचा तो तक्ता फुटलाच म्हणून समजा. सीआयईएल ही तयार डिक्शनरी मिळते, तिथूनच सुरुवात करा.

ओपनईएमआर पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते, साध्या पीसीवरही भागतं. अपॉइंटमेंटचं काम छान आहे. बिलिंग मात्र अमेरिकन विम्याच्या पद्धतीचं. आपल्याकडे त्यातलं बरंचसं बंदच ठेवावं लागतं. तरी एका डॉक्टरच्या दवाखान्याला मी तीच सुचवेन.

लुईस फाल्कन यांनी २००८ साली सुरू केलेली जीएनयू हेल्थ घर, कुटुंब, राहणीमान यांच्याही नोंदी ठेवते. गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांनी ती जरूर पाहावी. आमच्या ओपीडीच्या गर्दीत एवढं भरायला उसंत नव्हती.

काहीही निवडा, बॅकअप महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उघडून बघा आणि एखाद्या पेशंटची नोंद कागदाशी ताडून पाहा.