सॉकेट मोजले, वायर बघितलीच नाही

दोन वर्षांपूर्वी फोंड्यात आम्ही नवा फ्लॅट घेतला. ताबा घेताना मी आणि बायको कागद-पेन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो आणि सॉकेट मोजले. एकट्या स्वयंपाकघरात सहा! करारात 'आयएसआय मार्कची कॉपर वायरिंग, पुरेसे पॉइंट' असं लिहिलं होतं. बिल्डरने एकेक बटण दाबून दाखवलं, दिवे लागले, आम्ही सही केली.

पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघरातली लाइन पडायला लागली. इंडक्शन चालू असताना किटली लावली की खट्. फोन केल्यावर बिल्डरने दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला. त्याने डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात ती पेटी, उघडली, एक एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) काढून दुसरा बसवला, पैसेही घेतले नाहीत. "आता पडायचा नाही, वहिनी." आणि खरंच पडला नाही.

आमची खरी फसवणूक त्या पाच मिनिटांत झाली. काढला तो सोळा अँपिअरचा होता, बसवला तो बत्तीसचा. एमसीबी असतो वायर सांभाळायला. तिला झेपत नाही एवढा करंट गेला की त्याने पडायचं. भिंतीतली वायर तीच बारीक आणि एमसीबी दुप्पट, म्हणजे वायर तापत राहणार आणि एमसीबी गप्प बसणार. हे त्या माणसाला कळत नव्हतं, असं मी मानायला तयार नाही.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी घरात आठ माणसं होती. गॅसवर नेवऱ्या (करंज्या) तळणं चाललेलं, म्हणून बाकीचं सगळं विजेवर: इंडक्शन, मायक्रोवेव्ह, किटली. आई म्हणाली, "प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय रे." फ्रिज ओढला. मागच्या सॉकेटची पांढरी प्लेट तपकिरी पडली होती, एका भोकापाशी फुगून आली होती. शेजारच्या टाइलला हात लावला, ती गरम. मेन बंद केला आणि त्या रात्री समईच्या उजेडात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली.

चवथ झाल्यावर लायसनवाला वायरमन बोलावला. सहाही सॉकेट दीड स्क्वेअर एमएमच्या एकाच वायरीवर लूप मारलेले, म्हणजे एकातून पुढच्याला जोडत नेलेले, निघाले. फ्रिजचा पहिला, म्हणून पुढचा सगळा करंट त्याच्या स्क्रूंमधून जात होता. इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००. एकूण ४७००, म्हणजे २३० व्होल्टला वीस अँपिअर. ही वायर भिंतीतल्या पाइपातून जेमतेम पंधराच्या आसपास पेलते. पॉवर सॉकेटला निदान अडीचची वायर हवी, एका सर्किटवर असे दोनच सॉकेट हवेत, आणि गीझर, एसीला प्रत्येकी वेगळी चारची लाइन हवी.

मग त्याने बाथरूममधली गीझरची प्लेट उघडली. गीझरला करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी हिरवी अर्थिंगची वायर सॉकेटला जोडलेलीच नव्हती. टोक दुमडून, टेप गुंडाळून मागे कोंबलं होतं. दोन वर्षं माझी मुलगी रोज त्या गीझरखाली अंघोळ करत होती. करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबीही डीबीत नव्हता.

बिल्डर म्हणतो, "तुम्ही लोड वाढवलात." इंडक्शन आणि किटली म्हणजे वाढीव लोड? घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फोनवर बोलू नका, लेखी कळवा, आणि भिंत फोडण्याआधी प्रत्येक प्लेट उघडून फोटो काढा. मी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं आहे. ताबा अजून घ्यायचा असेल तर बटणं दाबत बसू नका. आपला वायरमन न्या, डीबी उघडायला लावा, कुठल्या एमसीबीवर कुठले सॉकेट आणि आत कितीची वायर हे लिहून घ्या, अर्थिंग तपासा. बिल्डर आढेवेढे घेत असेल तर सही करू नका.

काल वरच्या मजल्यावरच्या काकींकडे जाऊन डीबी बघितली. त्या एकट्याच राहतात. स्वयंपाकघराच्या लाइनला त्यांच्याकडेही बत्तीसचाच एमसीबी. "मागे पडत होता, त्यांनी नीट करून दिला," असं त्या म्हणाल्या. आमचा वायरमन आज संध्याकाळी त्यांच्याकडे येतोय.