बायबल खरे मानावे का : तीन भूमिकांचा तुलनात्मक आढावा

सांगली-मिरजेकडच्या माणसाची ख्रिस्ती धर्माशी पहिली ओळख बहुधा मिशन हॉस्पिटलात होते, ग्रंथ नंतर हाती येतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाविषयीची कृतज्ञता या भागात रास्तच आहे. परंतु तेथील सेवेवरून पवित्र शास्त्र खरे ठरत नाही आणि एखाद्या प्रचारकाच्या आततायीपणावरून ते खोटेही ठरत नाही. नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) वाचायला घेतलेल्या आणि निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या वाचकासमोर प्रामुख्याने तीन भूमिका येतात. मूळ लेखनातील प्रत्येक विधान निर्दोष आहे, ही पहिली. 1978 च्या शिकागो निवेदनात ती सविस्तर मांडलेली आहे. तारणासाठी, म्हणजे माणसाच्या पापातून सुटकेसाठी, देवाला जे सत्य नोंदवून हवे होते ते शास्त्र निर्दोषपणे शिकवते, ही दुसरी. रोमन कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये असाच शब्दप्रयोग केला, आणि तो मानणारे अनेकजण ऐतिहासिक तपशील तपासायला मोकळे राहतात. नंतरच्या लोकांनी रचलेल्या या कथा आहेत, ही तिसरी.

आधी मजकुराचे पाहू, कारण ‘बायबल इतके बदलले की मूळ उरलेच नाही’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते, लहानमोठे तुकडे धरून, उपलब्ध आहेत. मँचेस्टर येथे जपलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, तुकडा तळहातावर मावेल एवढाच आहे. रोमन सुभेदार पिलातासमोर झालेल्या येशूच्या चौकशीतील काही ओळी त्यावर दोन्ही बाजूंनी आहेत आणि तो बहुधा दुसऱ्या शतकातला मानला जातो. मृत समुद्राजवळच्या गुहांत 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये जुन्या करारातील यशया संदेष्ट्याचा संपूर्ण ग्रंथ मिळाला. तोपर्यंत हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा तो सुमारे हजार वर्षांनी जुना असूनही आशय तोच निघाला. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथाची मात्र एक आखूड पाठपरंपराही तिथे आढळली.

तथापि, पहिल्या भूमिकेलाही इथे थोडे थांबावे लागते. योहानाच्या आठव्या अध्यायातील, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग आणि मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. आजच्या अनेक आवृत्त्यांत हे भाग कंसात किंवा टीपेसह छापलेले दिसतात. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठभेद साचले होते म्हणूनच. पाठभेद उघडपणे दाखवले जातात, यावरून माझा विश्वास वाढतो.

मजकूर जपला गेला म्हणून घटना घडल्याच, असे मात्र नव्हे. साताऱ्याच्या वाचकाला बखरींचा हिशेब चांगला कळेल. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, 1697 मध्ये लिहिले. मल्हार रामराव चिटणिसांची बखर साताऱ्यात शंभरांहून अधिक वर्षांनी तयार झाली, आणि इतिहासकार दोहोंना सारखे वजन देत नाहीत. येशूचा मृत्यू इ.स. 30 च्या आसपासचा धरला, तर आरंभीचा प्रचारक पौल याचे करिंथकरांस पहिले पत्र सुमारे पंचवीस वर्षांनंतरचे आहे आणि मार्काचे शुभवर्तमान सर्वसाधारणपणे चाळीसएक वर्षांनंतरचे मानले जाते. शिवाय केफाला (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला) आणि प्रभूचा भाऊ याकोब याला आपण स्वतः भेटलो, असे पौल गलतीकरांस लिहितो. म्हणजे काळाच्या अंतराने ही साधने चिटणिसापेक्षा सभासदाच्या जवळची आहेत. पण सभासदालाही आपण समकालीन पत्रांशी ताडून घेतो, तसेच इथेही करावे लागते.

ताडून पाहिले की निकाल एकसारखा येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पौल करिंथला असताना गल्लियो हा ग्रीसमधील अखया प्रांताचा रोमन अधिकारी होता असे म्हटले आहे, आणि डेल्फी येथील शिलालेखामुळे गल्लियोचा तो काळ इ.स. 51 च्या सुमारास नेमका बसतो. कैसरिया येथे 1961 मध्ये पिलाताच्या नावाचा दगड सापडला. प्रेषितांची कृत्ये ज्याच्या नावावर आहेत त्याच लूकाने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माशी सूरियाचा सुभेदार क्विरीनिया याच्या वेळची नावनिशी (जनगणना) जोडली आहे. ती इ.स. 6 ची, तर ज्याच्या काळात येशू जन्मला असे सांगितले जाते तो हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पूर्व 4 मध्ये वारला. हा पेच सोडवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. मला त्यांतला एकही पटत नाही. जुन्या करारातही असेच आहे : अश्शूरचा राजा सन्हेरीब याची इ.स.पूर्व 701 ची स्वारी अश्शूरी लेखांतही आहे आणि तिथे यरुशलेम घेतल्याचा दावा नाही, परंतु यरीहोच्या उत्खननाने यहोशवाने ते नगर जिंकल्याच्या कथेला तसा आधार दिलेला नाही. म्हणून ऐतिहासिक कसोटीवर पहिली भूमिका मला जड जाते आणि तिसरी हलकी वाटते.

उरतो तो खरा प्रश्न, पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठला का याचा. ‘ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार व्यर्थ आहे,’ अशी जोखीम पौल स्वतःच उचलतो, आणि उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्या साक्षीदारांपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही सांगतो. येशूला पिलाताने मृत्युदंड दिला, याला टॅसिटससारखा विरोधी रोमन लेखकही दुजोरा देतो. शिष्यांनी त्याला पुन्हा पाहिल्याचा दावा अगदी सुरुवातीचा आहे, हेही अभ्यासक सहसा मान्य करतात. त्यापुढे हस्तलिखिते आणि शिलालेख नेऊ शकत नाहीत. देव इतिहासात हस्तक्षेप करतो, हे शक्य मानायचे की नाही, यावर तिथे निर्णय ठरतो. मी स्वतः दुसऱ्या भूमिकेत उभा आहे आणि पुनरुत्थान खरे मानतो. ज्यांचा निर्णय व्हायचा आहे त्यांनी उत्पत्तीपासून आरंभ न करता आधी मार्क सलग वाचावा, मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, नंतर लूक व प्रेषितांची कृत्ये. आणि अडलेल्या ओळी खूण करून मंडळीच्या पाळकांपुढे व एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकापुढे, दोघांपुढेही ठेवाव्यात.