एचपीव्हीची लस: स्वस्त की महाग, एक डोस की तीन?

भाची अठराची. बारावी झाली, जूनमध्ये मुंबईला होस्टेलवर जायची आहे. "ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायची का, आणि कुठली?" ताईने ओसरीवर आमसुलं वाळत घालता घालता विचारलं. शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "लग्नाआधी कसली गो ती लस?"

लग्नाआधीचीच. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो, आणि एकदा जडलेला संसर्ग लसीने जात नाही. तेव्हा हा मुद्दा तिथेच मिटला. खरी घासाघीस पुढे आहे.

सर्वावॅक ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. गार्डासिल ही जुनी परदेशी लसही याच चारांवर. गार्डासिल ९ मध्ये कर्करोग करणारे आणखी पाच प्रकार येतात. सर्वावॅकचा एक डोस बाजारात आला तेव्हा २,००० रुपयांना होता. नऊवाली एकेका डोसला दहा हजारांच्या आसपास. म्हणजे तीन डोस धरले तर सहा हजार विरुद्ध तीस हजार. जगभरात या कर्करोगाच्या साधारण ७० टक्के केसेसमागे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात, आणि भारतात त्यांचा वाटा त्याहूनही मोठा. म्हणून नऊवालीचा जादा फायदा आपल्याकडे त्या मानाने थोडा. पैसे सहज सुटत असतील तर घ्या, पण कर्ज काढून नको.

डोसांचा वाद जास्त गुंतागुंतीचा. आपल्याकडचा परवाना सांगतो: पंधराच्या पुढे तीन डोस, आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून म्हणते, ९ ते २० वयात एक किंवा दोन पुरेत. भाची नेमकी या दोन मतांच्या मधे सापडली.

एका डोसाचा मोठा पुरावा भारतातलाच आहे, आणि तो जवळजवळ अपघाताने मिळाला. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यातल्या लसीकरण प्रकल्पात सात मुली दगावल्या. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या संमतिपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. लोक भडकले ते योग्यच होतं. सरकारने असे सगळे अभ्यास थांबवले, त्यात आपल्या बार्शीसह अनेक ठिकाणी चाललेला एक वेगळा अभ्यासही अडकला. तिथल्या हजारो मुली एकाच डोसावर राहिल्या. दहा वर्षांनी पाहिलं, तर १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून त्यांना सुमारे ९५ टक्के संरक्षण होतं, तीन डोसवाल्यांइतकंच. फक्त तो अभ्यास गार्डासिलवरचा होता, सर्वावॅकवरचा नव्हे.

म्हणून माझं मत: सर्वावॅक घ्या, आणि तीनही डोस घ्या. पहिला निघण्याआधी, दुसरा गणपतीला आली की, तिसरा नाताळच्या सुट्टीत. आठवडा-दोन आठवडे उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि यंदा एवढे पैसे नसतील तर एक तरी घ्याच. संमतीची सही मात्र भाचीने स्वतः करायची, वाचून.

गावात घेणार असाल तर केमिस्टला फ्रिजचं विचारा. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी, आणि पावसात आपल्याकडे तारेवर आंब्याची फांदी पडली की लाईट कधी येईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर नसेल तर रत्नागिरी गाठा.

हे सगळं ऐकून ताई म्हणाली, "मग मीपण घेऊ?" ती चव्वेचाळीसची, आजवर एकदाही तपासणी नाही. तिच्यासाठी आधी तपासणी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात तिशीपुढच्या बायकांची एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. भाचीला डोस द्यायला जाऊ, त्याच फेरीत ताईचंही उरकायचं ठरलंय.