दीड वर्ष दरमहा अन्नदान : पैसे पोचतात का, आणि कुणापर्यंत?

गेलं दीड वर्ष मी दर महिन्याला ठरावीक रक्कम भुकेल्यांच्या अन्नासाठी देते आहे. तीन वाटण्या केल्या होत्या. एक वाटा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या 'शेअर द मील' या अ‍ॅपला, दुसरा शाळांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या संस्थेला, तिसरा पुण्यातल्याच एका छोट्या ट्रस्टला. हा ट्रस्ट रुग्णालयाबाहेर जेवण वाटतो आणि वस्त्यांवर शिध्याची किटं देतो. शेवटच्या दोघांची नावं देत नाही. त्यांच्याबद्दल जे म्हणायचंय ते त्याच पठडीतल्या बहुतेकांना लागू आहे, उगाच एकाच्या माथी कशाला मारा?

मी सीएच्या ऑफिसात काम करते. ट्रस्टांचे हिशेब रोज हाताखालून जातात. त्यामुळे 'सगळे पैसे खातात हो' हे वाक्य ऐकलं की मला जरा हसूच येतं. खाणारे आहेत, नाही असं नाही. पण दीड वर्षानंतर माझं मत असं झालंय की पैसा बहुतेक वेळा अन्नापर्यंत पोचतो. ते अन्न सगळ्यात उपाशी माणसापर्यंत पोचतं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर पावतीवर कधीच नसतं.

आधी अ‍ॅपचं सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे. ते २०१५ साली सुरू झालं. एका मुलाच्या एका दिवसाच्या जेवणाला ८० सेंट, म्हणजे आपले साधारण सत्तर रुपये. बटण दाबायचं, विषय संपला. ही तीच संस्था जिला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा खोटी असण्याचा प्रश्नच नाही. पण मोठं आणि खरं असलं म्हणून गळती नसते असं कुठे आहे? २०२३ मध्ये इथिओपियात मदतीचं धान्य गिरण्यांत आणि बाजारात विकलं जाताना सापडलं. अमेरिकेच्या मदत खात्याने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने आधी तिग्राय प्रांतातलं आणि मग जूनमध्ये देशभरातलं वाटप थांबवलं. चोरी रोखायला हे करावंच लागलं असेल. पण त्या काळात ज्यांनी काहीच चोरलं नव्हतं ती माणसंही महिनोन् महिने धान्याविना राहिली. हे वाचल्यापासून 'एक पैसाही गळता कामा नये' असा हट्ट मी सोडून दिला. शून्य गळतीची किंमत शेवटी रांगेतला शेवटचा माणूसच मोजतो.

त्याच वर्षी बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्यांचं रेशन माणशी महिना १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणलं गेलं. तिथे कुणी काही खाल्लं म्हणून नव्हे, देणगीदार देशांनी हात आखडता घेतला म्हणून. आपण पोचलं का, पोचलं का विचारत बसतो, आणि तिकडे मुळात निघालेलंच नसतं.

आता शाळेच्या जेवणाकडे येते. या संस्थांची जाहिरात असते: अमुक दीड-दोन हजारांत एका मुलाला वर्षभर जेवण. आकडा खोटा नाही, पण तो इतका कमी का, हे जाहिरात सांगत नाही. शाळेत शिजवलेलं अन्न मिळणं हा मुलांचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश आहे, पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही ते आलं. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. धान्य सरकार देतं, शिजवायचा खर्चही ठरावीक दराने देतं. देणगीतून वरची भर पडते: यंत्रं, गाड्या, भाजी, मसाला. म्हणजे 'तुमच्या पैशांनी हे मूल जेवलं' हे अर्धंच खरं. ते मूल एरवीही जेवलं असतं, बहुधा गावातल्या बचत गटाच्या बाईच्या हातची खिचडी. देणगीमुळे जेवण सुधारत असेल, तर त्यालाही मोल आहे. पण मग तसं सांगा की. उपाशी पोराचा फोटो कशाला लावता?

या संस्थेचा ग्राहक म्हणून अनुभव: पावती वेळेत, ८०जीसाठी (देणगीवरची आयकर सवलत) लागणारं १०बीई प्रमाणपत्र दोन्ही वर्षी ३१ मेच्या आत आलं, वार्षिक अहवाल गुळगुळीत. (नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जीचा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे दर जुलैत कुणीतरी पावत्यांचा गठ्ठा घेऊन येतं आणि हिरमुसून परत जातं.) वैताग फोनचा. 'मॅडम, या महिन्यात थोडं वाढवता का' म्हणून आठवड्याला फोन. शेवटी नंबर ब्लॉक केला. ऑटोपे बंद करायचा रस्ता त्यांच्या साइटवर सापडेना, तेव्हा बँकेच्या अ‍ॅपमधून मॅन्डेट रद्द केला.

तिसरा वाटा मात्र जवळचा होता, म्हणून तिथे मी स्वतः जायला लागले. आणि खरं काय ते तिथे कळलं.

एका सरकारी रुग्णालयाबाहेर संध्याकाळी जेवण वाटलं जातं. रुग्णांचे नातेवाईक, बहुतेक बाहेरगावचे, रात्री फुटपाथवर झोपणारे. गरज शंभर टक्के खरी. पण गुरुवारी गेलात तर एकामागून एक गाड्या येतात: कुणाचा मसालेभात, कुणाचा पुरी-भाजीचा पुडा, कुणाचा लेकाच्या वाढदिवसाचा शिरा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी इतकी होते की माणसं हात जोडून 'बास' म्हणतात. पितृपक्षात तर विचारूच नका. सोमवारी, मंगळवारी गेलात तर तेच लोक टपरीवरच्या वडापाववर भागवताना दिसतात. दान तिथीप्रमाणे येतं, भूक रोज. आमच्या ट्रस्टच्या अहवालात मात्र हे सगळं 'इतकी ताटं वाटली' या एका आकड्यात मावतं. एकाच माणसाने गुरुवारी तीन पुडे घेतले तर ती तीन ताटं, आणि वाचणाऱ्याला वाटतं तीन माणसं. यात लबाडी कुणाचीच नाही. दात्याला ज्या दिवशी द्यायचंय, जिथे गाडी लावता येते आणि जिथे फोटो नीट येतो, तिथे अन्न जातं.

मी सुचवलं की वार वाटून घेऊ, बाकीच्या मंडळांशीही बोलू. एका काकांनी शांतपणे सांगितलं, "ताई, आमच्या वडिलांचं श्राद्ध मंगळवारी कसं करू?" यावर काय बोलणार!

किटांचा प्रकार याहून शिकवून गेला. हिवाळ्यात ट्रस्टने एका साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, किटं नेली. एका कंपनीच्या सीएसआरचा (समाजकार्यासाठी काढून ठेवलेला) पैसा, किटावर कंपनीचं नाव छापलेलं. आत गव्हाचं पीठ, तांदूळ, डाळ, साखर, चहा, मीठ, तिखट-हळद आणि अर्धा लिटर तेल. बीडकडची माणसं. बाईने किट उघडून पिठाची पिशवी हातात तोलली आणि म्हणाली, "पीठ हाये ताई आमच्याकडं. बाजरी घेऊनच निघतो घरून. लेकरायला भाजी लागती, त्याल लागतं." मागे कोपीत बाजरीची दोन पोती रचलेली होती. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा चारा) विकून तेल-मिठाचं भागवायचं, आणि जवळचं दुकान चार किलोमीटरवर. तिच्या दृष्टीने त्या सगळ्या किटात कामाचं काय? अर्धा लिटर तेल आणि डाळ. माझी आई ७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीबद्दल अजून नाक मुरडते. देणाऱ्याकडे जे असतं तेच येतं, तेव्हाही आणि आताही.

पण तिथली खरी गोष्ट किटाबाहेरची होती. कोप्यांमध्ये शाळेच्या वयाची पोरं होती. हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेवढे महिने ही पोरं गावच्या शाळेच्या पटावर आणि फडात उसाच्या पाचटात. पोषण आहार गावात शिजतो, पोर इथे. म्हणजे मी ज्या संस्थेला पैसे देत होते तिचं ताट या पोरांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, कितीही प्रामाणिकपणे शिजवलं तरी. अशा पोरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृहं असतात, पण तिथे वर्णी न लागलेली पोरं आईबापाबरोबरच निघतात.

रेशनचंही तेच. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय (सगळ्यात गरीब) कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. अंगठा लावून दुसऱ्या गावातही घेता येतं. कागदावर. प्रत्यक्षात निम्म्या कोप्यांमधली उत्तरं अशी होती: कार्ड ऑनलाइन नाही, सुनेचं नाव चढलेलं नाही, इथला दुकानदार म्हणतो तुमच्या गावाला जा. आणि नवीन नाव घालायला तहसीलला गेलं की 'इष्टांक संपला', म्हणजे ठरवून दिलेला कोटा भरला. आता हिशेब करा. आमचं किट एकदाच, सगळं मिळून दहा-बारा किलो. एक अंत्योदय कार्ड चालू झालं तर वर्षाला ४२० किलो. प्राधान्य यादीत पाच माणसांचं कुटुंब चढलं तर ३०० किलो, दरवर्षी, कुणाच्या वाढदिवसाची वाट न बघता.

तिथूनच बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गटाची ओळख झाली. त्यांची एक कार्यकर्ती हेच काम करते: कार्डाचे अर्ज, आधार जोडणी, नाव चढवणं, दुकानदाराने नाही म्हटलं की तक्रार. ती अन्नाचा दाणाही वाटत नाही. मी त्यांचे हिशेब मागितले, त्यांनी बिनतक्रार पाठवले.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. महाराष्ट्रात प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. त्यातल्या नवव्या अनुसूचीत 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' असा एक भाग असतो: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण, इतर. दाते सगळे तिथेच बोट ठेवतात, आणि पगार-प्रवासाचा आकडा मोठा दिसला की नाक मुरडतात. आमच्या पुण्याच्या ट्रस्टचा उद्दिष्टांवरचा खर्च नव्वद टक्क्यांच्या वर. कोप्यांवर नेलेल्या पिठासकट. या बीडच्या गटाचा बहुतेक खर्च पगार, एसटीचं भाडं आणि झेरॉक्स. हिशेब बघून कुणी ठरवलं तर पहिला ट्रस्ट आदर्श आणि दुसरा संशयास्पद. शिवाय परदेशी देणगी घेणाऱ्यांना २०२० पासून प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे, सीएसआरमध्ये कंपनीला पाच टक्क्यांची. त्यामुळे सगळ्यांचा ओढा पोत्यांकडे. पोतं मोजता येतं. तहसीलला घातलेले चार हेलपाटे कुठल्या रकान्यात लिहिणार?

नवीन संस्था बघताना मी आता अहवालातल्या ताटांच्या आकड्यावरून पान उलटते आणि तीन प्रश्न विचारते. जेवण किंवा किट कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं? मागच्या वर्षी काय बंद केलं, आणि का? एखाद्या साध्या मंगळवारी, न कळवता, येऊ का? तिसऱ्या प्रश्नाला 'आधी कळवा' म्हणणाऱ्यांना मी लगेच फुली मारत नाही, शाळेत किंवा वसतिगृहात परक्याने असं घुसू नये हे मला पटतं. पण पहिल्या प्रश्नाला 'आमचे दाते' असं उत्तर आलं की काय ते समजते. रोख मागणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जी मिळतही नाही.

सध्याची मांडणी अशी. शाळेच्या संस्थेचा हप्ता बंद. अ‍ॅप चालू ठेवलंय, रक्कम निम्मी केली. छावणीत रेशनकार्डही नसतं आणि तहसीलही नसतं, तिथे हेलपाटे घालायलाच जागा नाही, थेट अन्नच लागतं. पुण्याच्या ट्रस्टला पैसे देते, पण फक्त सोमवार-मंगळवारच्या जेवणासाठी, आणि तसं पावतीवर लिहून घेते. सुरुवातीला कुरकुर झाली, आता आणखी दोघांनी तसंच लिहून मागितलंय. बाकी सगळं बीडच्या गटाला, 'पगार व प्रवास' या खात्यावर. त्यांना ८०जीची मान्यता अजून नाही, तेव्हा करसवलत हवी असणाऱ्यांनी हे धरून चालावं. अहवाल तिमाही येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर, एक पानी: किती अर्ज केले, किती मंजूर, किती कुठल्या टेबलावर अडकलेत. मागच्या तिमाहीत अडकलेले मंजूर झालेल्यांपेक्षा जास्त होते, आणि तेही त्यांनी तसंच लिहून पाठवलं.